खाणीकाठी चाळलेली माती

यंदाच्या उन्हाळ्यात मी रोज संध्याकाळी माळावर जाऊन माती चाळत होते. तुम्ही फोनवर विचारायचात, आजी काय करतेस, मी म्हणायचे, माती चाळते. तुम्ही हसायचात आणि दुसरंच काहीतरी सांगायला लागायचात. फोनवर ते समजावून सांगण्यासारखं नव्हतंही. आता पाऊस लागलाय, माळावर जाता येत नाही, आणि घरात मला चैन पडत नाही. या खोलीतून त्या खोलीत जाते, घडी केलेले कपडे पुन्हा उलगडून घडी करते, खिडकीशी जाऊन येते. तुमची धाकटी आजी, म्हणजे माझी जाऊ, परवा म्हणाली की आक्का, एका जागी बसा, मला गरगरायला लागलं. म्हणून लिहायला बसलेय.

आपला माळ तुम्हाला आठवत असेल. वस्तीच्या वर, टेकडीच्या पोटाला. तिथे तुम्हाला पतंग उडवायला नेलं होतं आणि मोज्यात कुसळं गेली म्हणून तुमच्यातल्या धाकटीने रडून गोंधळ घातला होता. त्या माळाच्या मधोमध आता खाण आहे. मुरमाची. मुरूम म्हणजे अर्धवट दगड झालेली माती, किंवा अर्धवट माती झालेला दगड. पिवळट, तांबूस, कुदळीला सहज सुटणारा. काळ्या रानातल्या रस्त्यावर तो पसरून दाबला की पावसात चाक रुतत नाही. आमच्याकडे डांबर येतं ते मोठ्या गावांपर्यंत. वस्तीपर्यंत आला तर मुरूमच येतो.

खाण माझ्या दिरांनी उघडली होती. मागच्या पावसाळ्यात त्यांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा जीप ओढ्याच्या पलीकडेच थांबली, कारण ओढ्यापासून आमच्या घरापर्यंतचा तुकडा म्हणजे नुसता राडा झाला होता. पुतण्याने आणि वस्तीवरच्या काही जणांनी त्यांना बाजेवर घालून त्या चिखलातून नेलं. बाजेचा एक पाय चिखलात अडकला आणि ते कलले, तेव्हा पुतण्याने त्यांना छातीशी धरलं, ते मी ओट्यावरून बघत होते. नगरच्या दवाखान्यातून ते परत आले, पण निम्मेच आले म्हणायचं. पुढे रोज संध्याकाळी खाणीच्या कडेला, पहिल्या वर्षी काढून ठेवलेल्या आणि कधी उचलल्या न गेलेल्या मुरमाच्या ढिगावर जाऊन बसायचे. त्या ढिगावर तरवड उगवला होता. तिथून वस्ती दिसते, ओढा दिसतो, आणि हवा स्वच्छ असली तर खर्ड्याच्या बाजूचे डोंगरही दिसतात. थंडीत ते गेले.

वडील गेल्यावर पुतण्याने एकच धरलं. पुढच्या पावसाळ्याच्या आत ओढ्यापलीकडच्या डांबरापासून आपल्या दारापर्यंत मुरूम टाकायचा, आणि तो आबांच्याच खाणीतला. खाणीचा परवाना पुन्हा करून घ्यायला गेला तर त्याला विचारलं गेलं की तिथे कोणते वन्यप्राणी आहेत, खाणीमुळे त्यांचं काय होतं, आणि तुम्ही त्यावर काय करणार. त्याने आधी सांगितलं की तिथे काही नाही, नुसता माळ आहे. ते चाललं नाही. मग पाहणी करायला नगरहून एक मुलगी आली. वन्यप्राण्यांचं शिकलेली, हाडकुळी, डोक्याला ओला पंचा गुंडाळून चालणारी. ती आपल्याच घरी उतरली. पुतण्याला तिने एकटीने माळावर फिरणं बरं वाटेना, म्हणून मी बरोबर जायला लागले. मला मोजूनमापून काम करणारी माणसं आवडतात, हे तुम्हाला माहीत आहे.

पहिले काही दिवस आम्ही खाणीच्या कडेने नुसत्या फिरलो. मी त्या खड्ड्याकडे इतकी वर्षं बघत होते, पण मला तो नुसता खड्डाच दिसत होता. ती म्हणाली की टेकडीवरून ओढ्याच्या पाण्याला येण्याची जनावरांची वाट इथून होती, खाण बरोबर त्या वाटेवर बसली आहे. आता त्यांना वळसा घालून यावं लागतं, आणि वळसा जातो वस्तीच्या कुत्र्यांच्या अंगावरून. वाऱ्याच्या बाजूला गवतावर भुकटी बसली होती, तिथे चंडोल उतरत नव्हते. एका उभ्या कडेखाली तिला एका चिंकाऱ्याच्या पाडसाची हाडं सापडली. वरून पडलं असेल, आणि चारी बाजू ताशीव, मग बाहेर येणार कुठून. ती हाडं तिने हातात घेऊन बराच वेळ पाहिली आणि होती तिथेच ठेवली.

पण खाणीने नुसतं घेतलंच होतं असंही नाही. पश्चिमेच्या भिंतीत भोकंच भोकं होती आणि प्रत्येक भोकातून हिरवा वेडा राघू ये-जा करत होता. माळावर त्यांना अशी उभी, मऊ भिंत मिळत नाही. आपण खणली, त्यांनी घरं केली. मी तिला म्हटलं की म्हणजे हिशेब सरळ नाही. ती म्हणाली, कधीच नसतो.

मग माती चाळायचं सुरू झालं. जनावरं दिवसा दिसत नाहीत, पण पाऊल ठेवल्याशिवाय कुणाला जाता येत नाही. म्हणून त्यांच्या वाटांवर मऊ, बारीक मातीचा पट्टा पसरायचा. संध्याकाळी तो सपाट करायचा आणि सकाळी उन्हं तिरपी असतानाच बघायचा, म्हणजे ठसे नीट उठून दिसतात. तिच्याकडे चाळण नव्हती. मी जावेकडे पिठाची मागितली. तिने ती दिली, पण सोडताना थोडी घट्टच धरली. म्हणाली, "न्या. पन परत आनताना धुऊन आना, न्हाईतर पोळीत माळ लागंल दाताखाली."

मला त्या पट्ट्यांची गोडी लागली. सकाळी चहाआधीच मी निघायचे. तित्तराची आखीव नक्षी, सशाच्या उड्या, घोरपडीची शेपूट ओढत गेलेली रेघ आणि दोन्ही बाजूंना तिची नखं. कुत्र्यांची पावलं तर सगळीकडे. आणि ढिगाजवळच्या पट्ट्यावर जवळजवळ रोज एक लहान, लांबट पाऊल. कुत्र्यासारखं, पण नाजूक, पुढची दोन बोटं थोडी जास्त पुढे. खोकड, ती म्हणाली. आपल्या माळावरचा तो लहानसा कोल्हा, शेपटीच्या टोकाला काळा. एका संध्याकाळी आम्ही हिवराच्या झुडपाआड बसलो. ऊन उतरल्यावर ढिगातल्या तरवडाखालून आधी दोन कान आले, मग तोंड, मग ते अंग झटकत बाहेर आलं आणि निघून गेलं. थोड्या वेळाने त्याच जागी आणखी कान आले, लहान, आणि ते कान एकमेकांना ढकलत होते. पिल्लं होती. ढिगाच्या पोटात त्यांचं घर होतं.

तिथून माझी झोप उडाली, कारण पुतण्याला तोच ढीग हवा होता.

त्याची अडचण खोटी नव्हती. खाणीच्या तळाशी काळा खडक लागला होता, आणि पूर्वेला, उत्तरेला, दक्षिणेला परवान्याची हद्द आली होती. पुढे खणायचं तर नवी मोजणी हवी, आणि ती पावसाआधी होणार नव्हती. तळात सुटा पडलेला मुरूम होता तो डांबरापासून ओढ्यापर्यंत पुरणार होता. वस्तीची बाकी घरं त्याच टप्प्यात आहेत. ओढ्याच्या अलीकडे एकटं आपलं घर. आपल्या तुकड्यासाठी राहत होता तो ढीग, नाहीतर राघूंची भिंत. सुटा मुरूम आधी आपल्या दारात टाकावा असं त्याला कोणी सुचवलंही नाही. खाण घरची, म्हणून पहिला टिपर घरी नेला, हे ऐकून घ्यायची त्याची तयारी नव्हती.

त्या मुलीने त्याला ओट्यावर बसवून सगळं सांगितलं. एका कडेला ढाळ काढायची, म्हणजे आत पडलेलं जनावर चालत वर येईल. सूर्य उगवायच्या आधी आणि मावळल्यावर मशीन बंद. टँकरने पाणी मारून धूळ बसवायची. भिंतीला राघूंची पिल्लं उडेपर्यंत हात लावायचा नाही. त्याने एकेकाला मान डोलावली. वर स्वतःहून म्हणाला की भोवती झाडंही लावतो, रोपं फुकट मिळतात, फोटोही चांगला येतो. ती म्हणाली की झाडं नकोत. इथली जनावरं गवतातली आहेत, त्यांना सावली नको, लांबवर दिसायला हवं. हे त्याला पटायला वेळ लागला. झाड लावू नका असं सांगणारं माणूस त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

मग ढिगाचं निघालं. पिल्लं पावसाच्या तोंडाशी बाहेर पडतील, तोपर्यंत ढीग राहू द्या, असं ती म्हणाली.

"पाऊस पडल्यावर टिपर माळावर चढतोय का?" तो म्हणाला. "आन मशीन खर्ड्याहून येनार, ते आपल्यासाठी थांबनार न्हाई. वड्याच्या अलीकडं काय टाकू मग? पीठ?"

तो माझ्याकडे वळला. आवाज खाली आला होता.

"मोठी आई, आबांना ज्या चिखलातनं नेलं तो ह्योच तुकडा हाय."

मला ते सांगायची गरज नव्हती. ती मुलगी प्रामाणिक होती. ढीग परवान्याच्या हद्दीत आहे, मी सुचवू शकते, अडवू शकत नाही, असं तिने सांगून टाकलं. निघताना मला म्हणाली की ढिगाजवळचा पट्टा तेवढा चालू ठेवा. पिल्लं लहान आहेत तोवर मोठं खोकड ये-जा करत राहील. ठसे उमटायचे थांबले की घर रिकामं झालं समजा. मग ढीग उचलला तरी चालेल.

म्हणजे सगळं त्या वीतभर पट्ट्यावर आलं. मशीन यायच्या आत खोकडं आपणहून गेली तर रस्ताही होईल आणि कुणाचं काही जाणार नाही. मी रोज संध्याकाळी माती चाळायची, सपाट करायची, सकाळी जाऊन बघायची. परत आले की पुतण्या गोठ्यातून विचारायचा, "हायेत?" मी म्हणायचे, आहेत. तो धार काढायला लागायचा. मला कळत नव्हतं की मला काय हवंय. ठसे दिसले की बरं वाटायचं आणि लगेच त्या बाजेचा कललेला पाय डोळ्यांपुढे यायचा. दुपारी मी कारण नसताना पुन्हा वर जाऊन यायचे. उन्हात कशाला जाता, असं सगळे विचारायचे.

अशात एका सकाळी जाऊ माळावर आली. तिला कुरडयांसाठी चाळण हवी होती आणि मी ती पट्ट्याजवळच ठेवलेली. लांबूनच ओरडली की माझी चाळन द्या, गहू आंबून चाललाय. मग जवळ आली आणि पट्ट्यासमोर उभी राहिली. सपाट, मऊ माती आणि तिच्यावर ढिगाकडे गेलेली पावलं. तिने चाळण घेतली नाही. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि विचारलं की हे कुनी केलं. मी म्हटलं, मी, पावलं बघायला. ती तशीच परत गेली, आणि त्या दिवशी कुरडया झाल्याच नाहीत.

मला उलगडा व्हायला दुपार झाली. तुम्हाला तर सांगितल्याशिवाय कळणारच नाही. आपल्याकडे माणूस गेलं की त्याला जिथे ठेवलं होतं तिथे दिवा लावतात, खाली पीठ पसरतात, वर टोपली झाकतात. दुसऱ्या दिवशी टोपली उचलून पिठात कोणाचं पाऊल उमटलं ते बघतात. पाखराचं, गाईचं, लेकराचं. गेलेला माणूस त्या जन्माला गेला असं मानतात. दिरांच्या वेळी चार बोटं उमटली होती आणि पाहुण्यांनी कुत्र्याचं पाऊल असं ठरवलं होतं. मी तेव्हा लांबून पाहिलं आणि मनात म्हटलं, घरातलं मांजर असेल. तुमचे आजोबा वारले ते शहरात, मी इथे राहायला यायच्या आधी. फ्लॅटमध्ये पीठ कुणी पसरलं नव्हतं आणि मला ते तेव्हा आठवलंही नाही.

दुसऱ्या दिवसापासून जाऊ माझ्याआधी माळावर पोचू लागली. मी जायचे तर ती पट्ट्याशी उकिडवी बसलेली. ती उठली की मी माती सपाट करायचे, आणि ते करताना माझा हात अवघडायचा. वस्तीवर बातमी गेली. ढिगावर आबा येत्यात. बायका येऊन लांबून हात जोडून जायला लागल्या. एका म्हाताऱ्याने, दिरांच्या जोडीदाराने, येऊन ढिगाकडे बघत तंबाखू मळली आणि म्हणाला की आयुष्यभर ह्यानं माझ्या शेतातला बांध कोरला, आता ढीग कोरतोय, सवय जाती व्हय. सगळे हसले, जाऊसुद्धा.

आणि मग भाकरी आली. जावेनेच आधी ठेवली, ढिगाच्या पायथ्याशी, गुळाचा खडा घालून. मग बाकीच्या बायकांनी. सकाळी भाकरी नाहीशी झालेली असायची, आणि सगळ्यांना समाधान वाटायचं.

पट्टा मात्र वेगळं सांगत होता. भाकरी कुत्र्यांनी खाल्ली होती. आधी एकाची पावलं, मग तीन-चारांची. खोकडाचे ठसे त्यांच्याखाली दबलेले, काठाकाठाने गेलेले, एका ठिकाणी तर उडी मारल्यासारखे लांब. एका संध्याकाळी वस्तीवरचं तांबडं कुत्रं तरवडाखाली पुढच्या पायांनी उकरताना मला दिसलं. मी दगड मारला, ते गेलं आणि थोड्या अंतरावर बसून राहिलं. त्याला आता वाट माहीत झाली होती. मशीनच्या आधी ही भाकरीच पिल्लांना संपवणार होती.

मी काय बोलावं याचा दिवसभर विचार केला. भांडी दोनदा घासली. जावेचा विश्वास मोडायचा मला हक्क नाही असंही वाटत होतं, आणि न सांगता राहणंही शक्य नव्हतं. खरं सांगायचं तर त्या विश्वासामुळे ढीग वाचेल असं माझ्या मनात कुठेतरी येऊन गेलं होतं, पण आता तोही आधार राहिला नव्हता. शेवटी सकाळी पट्ट्याशी बसून मी तिला बोटाने दाखवलं. हे खोकडाचं. हे कुत्र्याचं, बघ किती मोठं. आत पिल्लं आहेत. भाकरी ठेवलीस तर कुत्री त्यांना सोडणार नाहीत.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "आक्का, त्या दिवशी पिठात कायबी उमटलं न्हवतं."

मी मातीवरचं बोट मागे घेतलं.

"टोपली उचलली तर पीठ जसंच्या तसं. सपाट. पाव्हनं अंगनात आल्यालं. आता सांगू काय त्यास्नी? मी बोटाची चार पेरं टेकवली." तिने मातीवर हात नेला, पण टेकवला नाही. "सगळे म्हनले, कुत्र्याचं हाय, इमानी मानूस हुता. मी मान हलवली. तवापासून मला वाटतंय, ह्ये कुठं गेलंच न्हाईत. वाटंवरच उभं हायेत. आन हितं बघितलं तर खरं उमटलेलं. कुनी काढलेलं न्हाई."

माळावर वारा सुटला होता. पट्ट्यावरच्या ठशांच्या कडा ढासळत होत्या. मी एवढंच म्हटलं की भाकरी मात्र ठेवू नकोस.

"मग खायाचं काय त्यांनी?"

टोळ खातं, उंदीर खातं, बोरं खातं, मी सांगितलं.

"बोरं त्यांनाबी लई आवडायची," ती म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून हसली. मग बराच वेळ पदर तसाच राहिला.

त्या दिवसापासून तिने बायकांना ताकीद दिली. आबांना भाकरी नको, आबांच्या नावानं कुत्र्यांना आपल्या दारात घाला, असं सांगितलं. हे तिने कशाच्या आधारावर सांगितलं ते कुणी विचारलं नाही. विधवेचा शब्द होता. स्वतः ती दिवे लागायच्या आधीच ओट्यावर बसून वस्तीची कुत्री हाका मारून गोळा करायची आणि भाकरी ताकात कुस्करून घालायची. पोट भरल्यावर कुत्री तिथेच पसरायची. तांबड्या कुत्र्याला तर तिने साखळीच घातली. पट्ट्यावरचे मोठे ठसे कमी होत गेले. वस्तीचा गैरसमज तिने दूर केला नाही, मीही केला नाही. बरोबर केलं की चूक, यावर मी अजून उलटसुलट विचार करते.

मशीन आलं तेव्हा ठसे होतेच. पुतण्याने त्या सकाळी विचारलं नाही. मी परत येताना माझ्या तोंडाकडे नुसतं बघितलं. जेसीबीवाला ओट्यावर पोहे खात होता. टिपर उभे होते. जाऊ चुलीपुढून उठून बाहेर आली आणि मुलाला म्हणाली, "वड्यापातूर टाक. पुढचं ऱ्हाऊ दे."

"आन आपल्या दारात?"

"दुसऱ्याच्या दारात चिखूल ठेवतो का मग?"

"आई, उद्या तुला न्यायची येळ आली तर?"

"मी उन्हाळ्यात मरंन."

जेसीबीवाल्याने घास थांबवला. मायलेकांकडे आळीपाळीने बघत म्हणाला की मावशी, तेवढं ठरवून सांगा, ढीग उचलायचा का मी अजून पोहे घेऊ. जाऊ म्हणाली, पोहे घे. पुतण्या पायऱ्या उतरून गेला. गाडीला लाथ मारली की दगडाला, ते मला दिसलं नाही, आवाज आला. मग तो परत आला आणि मशीनवाल्याला ओढ्यापर्यंतचा हिशेब सांगू लागला. त्याच्या आवाजात राग होता, पण हिशेब बरोबर होता. पूर्वेच्या कडेला ढाळ काढायलाही विसरला नाही. पश्चिमेच्या भिंतीपुढे त्याने स्वतः दगड लावून घेतले, मशीन मागे घेताना धक्का लागू नये म्हणून.

काम चाललं तोवर मी हिवराच्या सावलीत बसून होते. काय राखत होते कोण जाणे. धूळ, धडधड, ढिगाच्या जवळून जाणारे टिपर. राघू गोंधळून वर उडायचे आणि थव्याने पुन्हा भिंतीशी यायचे. ढिगावर मात्र काही हलत नव्हतं. संध्याकाळी मशीन थांबलं. टिपरच्या चाकांनी पट्टा पार विस्कटला होता. मी नवी माती चाळली, हाताने सपाट केली, आणि घरी आले.

सकाळी पट्टा कोरा होता.

दुसऱ्या सकाळीही कोरा. तिसऱ्याही. सशाचंसुद्धा पाऊल नव्हतं. मी तरवडाखाली वाकून बघितलं. बिळाच्या तोंडाशी कोळ्याने जाळं धरलं होतं. नगरच्या त्या मुलीला फोन केला तर ती म्हणाली की गडबड झाली की खोकडं पिल्लांना तोंडात धरून हलवतात, जवळपास दुसरं बीळ असतंच, बहुतेक सुखरूप असतील. तिचा बहुतेक हा शब्द मला पुरला नाही. मशीन तोवर दुसऱ्या गावाला निघून गेलं होतं.

गोठ्यातून पुतण्याने विचारलं, "हायेत?"

मी म्हटलं, नाहीत.

त्याने बादली खाली ठेवली. मला वाटलं आता तो बोलेल, आणि बोलला असता तर मी ऐकून घेतलं असतं. ढीग तसाच उभा, आत कोणी नाही, आणि दारात मुरूम नाही. तो एवढंच म्हणाला की आईला सांग तूच, माझ्यानं न्हाई सांगवायचं.

मी जावेला घेऊन माळावर गेले. सांगण्यापेक्षा दाखवणं बरं वाटलं. ती पट्ट्याशी नेहमीसारखी उकिडवी बसली. सपाट माती, कुठे काही नाही. मी तिच्या तोंडाकडे बघायचं टाळत होते, कारण तिने असंच सपाट पीठ एकदा पाहिलं होतं. तिने मातीवरून हळूच हात फिरवला. या वेळी पेरं टेकवली नाहीत.

"गेले," ती म्हणाली. "वाट घावली म्हनायची."

मग गुडघ्यावर हात ठेवून उठली, चाळण उचलली, मांडीवर आपटून झाडली आणि उतारावरून घराकडे निघाली. मला वाटलं होतं की मी तिला धीर देईन. मीच तिच्यामागे घाईघाईने चालत होते.

आता पाऊस आहे. ओढ्यापर्यंत रस्ता पक्का झालाय. दूधगाडी तिथपर्यंत येते, शाळेची गाडी येते. आपल्या दारातला तुकडा मागच्या वर्षीसारखाच आहे. पुतण्या दुधाची किटली खांद्यावर घेऊन तो ओलांडतो आणि पलीकडे गेल्यावर पाय धुताना घराकडे एकदा बघतो. जाऊ त्याला ओट्यावरून सांगते की कडेकडेनं जा. ढाळीवरून परवा एक चिंकारा खाणीत उतरून पाणी पिऊन परत वर गेला, हे गुराख्याने सांगितलं. राघूंची भिंत पावसाने थोडी ढासळली, पण तोवर पिल्लं उडाली होती. तेवढं मी डोळ्यांनी पाहिलं.

खोकडांचं मला काही कळलेलं नाही. पावसाने उघडीप दिली की मी काठी घेऊन वर जाते. चिखलात सगळ्यांची पावलं सारखीच फाटलेली उमटतात, काही ओळखू येत नाही. तरी वाकून बघते. जाऊ म्हणते, घसराल. परत आले की तीही विचारते, दिसलं का काही, आणि उत्तराची वाट न बघता चहा पुढे करते.

तुम्ही दिवाळीत आलात तर गाडी ओढ्यापाशीच ठेवावी लागेल. तोवर वाळलं असेल म्हणा. नसलं तर चप्पल हातात घ्या आणि कडेकडेने या.